अनामत मागायला गेले आणि १,२४,४९८ रुपये घालवून बसले

गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत घर लागलं नाही याचं मला फार वाटलं नाही. आमच्या ओळखीत आजवर लागलंय कुणाला? पण ५०,००० रुपये अनामत तरी परत यायला हवी होती. नाव न लागलेल्यांची अनामत थेट खात्यात येते, बुडतात ते फक्त अर्जाचे पैसे, माझ्या वेळी ५९० रुपये. माझ्या जावेने माझ्याबरोबरच अर्ज भरला होता, तिचे आले. माझे नाहीत.

गृहनिर्माण मंडळाच्या हेल्पलाइनवर फोन लावला की आधी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग गाणं, मग कट. ईमेल केला तर 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे'. संबंधित विभाग म्हणजे कोणता, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं. अर्धी रजा टाकून कार्यालयात गेले, तर खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ऑनलाइनचं ऑनलाइनच बघा." शेवटी वैतागून मंडळाच्या सोशल मीडियावरच्या एका पोस्टखाली सगळं लिहिलं. अर्ज क्रमांक, रक्कम, मोबाइल नंबर, सगळं. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तसंच लिहिलं होतं. मंडळातलं कुणी ते वाचत नाही. दुसरे वाचतात.

लगेच त्याच आठवड्यात फोन आला. "नमस्कार ताई, मंडळाच्या परतावा कक्षातून बोलतोय." स्वच्छ मराठी. हे फसवणारे लोक हिंदीत बोलतात, घाई करतात, धमक्या देतात, असं आपण ऐकलेलं असतं. हा शांत होता. माझं नाव, अर्ज क्रमांक, ५०,००० चा आकडा त्यानेच सांगितला. (सांगणारच, मीच चव्हाट्यावर टांगला होता.) वर म्हणाला, "तुम्हाला फार त्रास झाला, दिलगीर आहोत."

तो दिवस शनिवार होता. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. मी स्वतः शिक्षिका आहे, सरकारी कामासाठी शनिवारी कुठे जायचं नसतं हे मला पाठ आहे. जे कार्यालय मंगळवारी भर दुपारी फोन उचलत नाही, ते शनिवारी संध्याकाळी साडेसहाला आपणहून फोन करून दिलगिरी व्यक्त करतं? हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. आणि मी काय म्हणाले असेन? "सुट्टीच्या दिवशीही काम करताय, बरं वाटलं." असं म्हणाले मी त्याला!

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. व्हॉट्सॲपवर मंडळाचं बोधचिन्ह, त्याखाली 'परतावा अर्ज' नावाची एपीके फाइल. एपीके फाइल म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल, अशी आली तर ते प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲप. कुठलंही सरकारी खातं ते व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, बँकही नाही, गॅस एजन्सीही नाही. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. हल्ली प्रत्येक ॲप काही ना काही परवानगी मागतं, मी दिली. पडताळणीसाठी १० रुपये भरायचे होते, म्हणून कार्डाचा नंबर टाकला. तो म्हणाला, "सर्व्हर स्लो आहे, उद्या सकाळपर्यंत जमा होतील, फोन बंद करू नका."

रात्रीतून तीन व्यवहार. ४९,९९९, पुन्हा ४९,९९९, मग २४,५००. एकूण १,२४,४९८. बँकेचा एकही मेसेज मला दिसला नाही. सकाळी दूधवाल्याचे पैसे पाठवताना 'अपुरी शिल्लक' आलं तेव्हा कळलं.

आता नातेवाईक विचारतात, "ओटीपी कशाला दिलास?" दिला नाही हो! एकालाही नाही! ते ॲपच येणारे एसएमएस परस्पर तिकडे पाठवत होतं. दहा वर्षं 'ओटीपी सांगू नका' एवढंच शिकवलंत, तर माणूस ओटीपीच जपत बसणार ना? असं ॲप फोनमध्ये गेलं असेल तर आधी नेट बंद करा, विमान मोड लावा, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला. बराच वेळ फोन लागतच नव्हता, मग लागला, आणि खरं सांगायचं तर सगळ्या भानगडीत नीट बोललेली एवढी एकच बाई. तिच्यामुळे शेवटचे २४,५०० कुठल्याशा खात्यात गोठले. पहिले दोन हप्ते तोवर पुढच्या पुढच्या खात्यांत पांगले होते. म्हणून रडणं, नवऱ्याला सांगणं, सगळं नंतर. आधी १९३०.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी स्थानिक ठाण्यात अर्ज द्या. परत गेले तर हवालदाराने रक्कम विचारली, आणि ती ऐकून त्याचा उत्साहच मावळला. "मॅडम, इथे चाळीस लाखवाले बसलेत." मग माझे काय झाडाला लागले होते? भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ डी ही फसवणुकीची कलमं मी वहीत लिहून नेली, तेव्हा कुठे तक्रार नोंदवून घेतली. गोठलेले २४,५०० सुटायला कोर्टाचा आदेश लागेल, असं तेव्हा मला सांगितलं. तो आणायचा कुणी? मीच.

बँकेत तर कहरच. मॅनेजरने रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक पुढे सरकवलं: ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. त्याच परिपत्रकात पुढे लिहिलंय की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ते दाखवल्यावर साहेबांना मीटिंग आठवली. मी लेखी तक्रार देऊन पोच घेतली. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, मी गेलेय. तोंडी काहीही बोलू नका, तोंडी बोललेलं कुणालाच आठवत नाही.

आणि मंडळ? "आमच्या नावाने कुणी फोन केला तर आम्ही काय करणार?" मग मात्र मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. माझी अनामत का अडली, एवढाच प्रश्न. उत्तर एका ओळीचं: माझ्या बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलला होता, जुन्या कोडवर पाठवलेले पैसे परत फिरले. बस! हे हेल्पलाइनवर कुणी अर्ध्या मिनिटात सांगू शकलं असतं. नवा कोड दिला, ५०,००० आले.

त्या पोस्टखाली अजूनही लोक अर्ज क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकतायत. मी एकेकाला लिहिते, नंबर पुसा, लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या. परवा त्यातल्या एकाने मलाच मेसेज केला, "मॅडम, तुम्ही मंडळातून बोलताय ना? माझा रिफंड कधी येणार?"