व्हॉयंट टूल्स: भाषणातले शब्द मोजायला मस्त, पण 'वी' (we) परत आणायला विसरू नका

नेत्याचं भाषण नुसतं ऐकलं तर टाळ्यांची वाक्यंच लक्षात राहतात, हा माणूस नक्की कशाला महत्त्व देतोय ते हातातून निसटतं, म्हणून मी बरेच दिवस व्हॉयंट टूल्स ही मजकुरातले शब्द मोजणारी वेबसाइट वापरतेय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, लॉगिन नाही काही नाही, मजकूर पेस्ट केला की कुठला शब्द किती वेळा आला, भाषणाच्या सुरुवातीला जास्त की शेवटी, सगळं समोर. स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल यांनी बनवलंय, फार मोठं काम करून ठेवलंय दोघांनी.

शब्दांचा रंगीत ढग छान दिसतो पण त्यावर थांबू नका प्लीज. कारण हे टूल 'वी', 'अवर', 'आय' असे शब्द किरकोळ समजून आधीच बाजूला काढतं (स्टॉपवर्ड्सची यादी असते, ती सेटिंगमध्ये बदलता येते), आणि राजकीय भाषणात तर तेच सगळ्यात बोलके शब्द असतात! अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन याचं यादवी युद्धातलं गेटिसबर्गचं भाषण घ्या, १९ नोव्हेंबर १८६३, जेमतेम २७२ शब्द. यादी रिकामी केली की दिसतं 'वी' १० वेळा आणि 'आय' एकदाही नाही. 'नेशन' ५ वेळा. आणि ज्या 'युनियन'साठी, म्हणजे राज्यांच्या संघासाठी, लढाई चालू होती, जो शब्द १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात तो सारखा वापरत होता, तो इथे शून्य, 'स्लेव्हरी' (गुलामगिरी) पण शून्य. म्हणजे राज्यांची जोडलेली मोट नाही तर एक राष्ट्र, हे त्याला लोकांच्या मनात बसवायचं होतं असं मला वाटतं. पण न आलेला शब्द टूल स्वतःहून नाही सांगणार, तो आपणच शोधायचा.

दुसरं म्हणजे शब्दाची रूपं वेगवेगळी मोजली जातात. त्याच भाषणात 'डेडिकेटेड' ४ आणि 'डेडिकेट' २ असं दिसतं, बेरीज आपण करायची. मराठी भाषणाला तर हे फारच जड जाईल, शेतकरी, शेतकऱ्याला, शेतकऱ्यांच्या, सगळे वेगळे.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो कॉन्टेक्स्ट्सचा भाग, शब्दाच्या आजूबाजूचं वाक्य दिसतं. आपल्याकडे 'आम्ही करून दाखवलं' आणि 'आपण करू' यात ऐकणारा आत आहे की बाहेर हे लगेच कळतं ना, इंग्रजीत दोन्हीला 'वी'च, त्यामुळे एकेक ओळ उघडून बघावीच लागते की हा 'वी' म्हणजे सरकार, पक्ष का सगळी जनता. वेळ जातो पण खरी मजा तिथेच आहे.

आणि शब्दाचं जे वजन मोजणीत येतच नाही त्याचं एक उदाहरण, ८ डिसेंबर १९४१ चं अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याचं, जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतरचं भाषण. हल्ल्याची तारीख कशात कायम राहील, तर मसुद्यात 'वर्ल्ड हिस्टरी' (जगाचा इतिहास) होतं, ते त्याने हाताने खोडून 'इन्फमी' (काळिमा) केलं. भाषणात 'जपान' हा शब्द परत परत येतो, 'इन्फमी' फक्त एकदाच, आलेखात तो ठिपक्याएवढा. म्हणून मी आधी भाषण पूर्ण वाचते, खुणा करते, मगच पेस्ट करते. पाचपैकी चार स्टार, मराठीची रूपं एकत्र मोजायला लागलं की पाचवा लगेच देईन.