हाताने फिरवायचा केरॅटोमीटर: नागपूरचा उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

ऑटोरेफ, म्हणजे डोळ्याचा नंबर आणि कॉर्नियाचं माप आपोआप काढणारं यंत्र, क्लिनिकमध्ये आधीपासून होतंच. बटण दाबलं की के-रीडिंगची, म्हणजे कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) बाकाच्या मापाची, चिठ्ठी बाहेर. तरी मागच्या हिवाळ्यात मी बाऊश अँड लॉम्ब पद्धतीचा, हाताने फिरवायचा केरॅटोमीटर, म्हणजे तोच बाक मोजायचं यंत्र, घेतला. आता पावसाळा लागलाय, आणि मोतीबिंदूच्या ज्या पेशंटच्या डोळ्यात बसवायचं भिंग रीडिंगवर ठरणार असतं, त्याचा कॉर्निया मी याच यंत्रावर मोजतो.

कारण साधं आहे. ऑटो आकडा देतं, पण तो कसल्या डोळ्यावरून आला ते दाखवत नाही. इथे कॉर्नियावर उजळ वर्तुळं पडतात आणि तो बहिर्गोल आरशासारखा त्यांचं प्रतिबिंब परत देतो. प्रतिबिंब जितकं लहान, तितका कॉर्नियाचा बाक जास्त. डोळा कधीच पुरता स्थिर नसतो, म्हणून आतल्या प्रिझमने प्रतिबिंब दुहेरी केलेलं असतं. दोन्ही प्रतिमा सोबतच हलतात, त्यामुळे माप घेता येतं. वर्तुळाच्या कडेला असलेल्या चिन्हांपैकी आडव्या दिशेला अधिकची एकावर एक आणायची, उभ्या दिशेला वजाची. कॉर्नियाच्या बाकाची त्रिज्या ७.५ मिमी असेल तर ड्रमवर (मापाच्या चाकावर) ४५ डायॉप्टर, म्हणजे तेवढी ताकद.

खरी किंमत कळली मे महिन्यात. पारा ४५ च्या वर, बाहेरच्या खोलीत कूलरचा वारा थेट तोंडावर, आणि उमरेड-काटोलहून एसटीने उन्हात आलेली म्हातारी माणसं. डोळ्यावरचा अश्रूंचा थर सुकलेला, म्हणून वर्तुळं फुटलेली, कडा पसरलेल्या. ऑटोने त्याच डोळ्यांचे आकडे बिनदिक्कत छापले, दर वेळी वेगळे. मी आजींना कूलरपासून दूर बसवतो, थोड्या वेळाने पुन्हा हनुवटी टेकवायला सांगतो. "आजी, दोन-तीनदा पापण्या मिटा, आता समोर पाहा." पापणी उघडल्यावर पहिल्या काही क्षणांत वर्तुळ स्वच्छ उमटतं, तेव्हाच रीडिंग. भिंगाची ताकद काढायच्या जुन्या एसआरके सूत्रात के-रीडिंगला ०.९ ने गुणतात, म्हणजे इथे १ डायॉप्टर चुकलं तर आत बसणाऱ्या भिंगात जवळपास तेवढंच चुकणार, आणि आजींना ते जन्मभर वागवावं लागणार. त्या मानाने दहा मिनिटं काहीच नाहीत. ए-स्कॅनचा (डोळ्याची लांबी मोजणाऱ्या तपासणीचा) प्रोब लागला तरी कॉर्नियाचा पृष्ठभाग असाच बिघडतो, म्हणून त्याआधी हे माप व्हायला हवं.

सतत डोळे चोळणाऱ्या, ॲलर्जीच्या मुलांमध्येही याचा उपयोग झाला. चिन्हं जुळतच नाहीत, वर्तुळ वेडंवाकडं दिसतं, तिथे केरॅटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याची) शंका घेऊन मी टोपोग्राफीला, म्हणजे कॉर्नियाचा पूर्ण नकाशा काढायला, पाठवतो. ड्रम ५२ डायॉप्टरला संपतो, पण पुढे +१.२५ चं भिंग लावून ६१ पर्यंत जाता येतं.

मर्यादा मोठ्या आहेत. माप फक्त मधल्या सुमारे ३ मिमी भागाचं, त्यामुळे खालच्या बाजूला सुरू झालेला केरॅटोकोनस निसटू शकतो. लेसिक (चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन) झालेल्या डोळ्यात हा आकडा भिंगासाठी तसाच धरू नये: त्रिज्येवरून डायॉप्टर काढताना वापरलेला १.३३७५ हा निर्देशांक कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या बाकाचं नेहमीचं प्रमाण गृहीत धरतो, आणि लेसिकने तेच बदललेलं असतं. लहान लेकरं टिकून बसत नाहीत. माझ्या यंत्राच्या हनुवटीच्या टेकूचा स्क्रू उन्हाळ्यातच सैल झाला. विक्रेत्याने माणूस पाठवायला फार वेळ लावला.

घेणार असाल तर कॅलिब्रेशनची (यंत्र बरोबर मोजतंय का ते तपासायची) स्टीलची गोळी सोबत मागूनच घ्या. आणि क्लिनिकमध्ये दोघं जण वापरत असतील तर प्रत्येकाने आयपीस (ज्यातून आपण बघतो ते भिंग) आपल्या नजरेला जुळवून घ्यावा: पूर्ण बाहेर फिरवायचा, मग हळूहळू आत आणत त्यातली काळी फुली स्पष्ट दिसली की तिथेच थांबायचं. मी रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी हे करतो.