आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन: पाच महिन्यांनंतर लिहिते आहे

माझी आई येळ्ळूरची, वय 58. भजनी मंडळात पहिली ओळ तीच धरते, मग बाकीच्या बायका उचलतात. दोन्ही बाजूंना गाठी आहेत, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढावी लागेल म्हटल्यावर तिने पहिलं विचारलं, "माझा आवाज जातंय काय वो?" गाठ कसली, हे नंतर.

या हॉस्पिटलात येण्याआधी आम्ही बेळगावातच दुसरीकडे दाखवलं होतं. तिथले सर्जन सत्तरीचे, बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. मी विचारलं, थायरॉइडची वर्षाला किती करता? "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी सगळे माझ्यावरच चिडले, मोठ्या माणसाला असं विचारतात का म्हणून. पण चाळीस वर्षांत थायरॉइड किती, हे मला कळलंच नव्हतं.

मग रात्री बसून वाचून काढलं. आवाजाची नस थायरॉइडला अगदी चिकटून जाते, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिच्या पाठीमागेच असतात. फ्रान्समध्ये याच ऑपरेशनाचा अभ्यास झाला होता, तो 2012 साली छापून आला. त्यात 35 ते 50 वयाच्या सर्जनांचे निकाल सगळ्यांत चांगले होते. वीस वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांकडे नसेला आणि त्या ग्रंथींना इजा होण्याचं प्रमाण उलट वाढलेलं. अमेरिकेतला 2018 चा अभ्यास मात्र वेगळं सांगतो. तिथे तातडीच्या मोठ्या ऑपरेशनांनंतर साठीपुढच्या सर्जनांच्या पेशंटांत मृत्यू 6.3 टक्के, चाळिशीच्या आतल्यांकडे 6.6. म्हणजे नुसत्या पांढऱ्या केसांवरून काही ठरत नाही, नुसत्या तरुण हातावरूनही नाही. कुठलं ऑपरेशन आणि ते हा माणूस किती वेळा करतो, हे बघायला हवं.

इथले डॉक्टर पंचेचाळिशीचे असतील. तोच प्रश्न त्यांना विचारला. पेन खाली ठेवून म्हणाले, "वर्षाला साठेक. गेल्या वर्षी दोघांचा आवाज बसला. एकाचा दोन महिन्यांत परत आला, एकाचा अजून पूर्ण आला नाही." त्या दुसऱ्या माणसाचं त्यांनी न विचारता सांगितलं, तिथेच माझा निर्णय झाला. आत सुरी कोण धरणार, हेही विचारलं. "मीच. शिकणारे डॉक्टर मदतीला असतील."

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं, आईला दोन्ही वाचता येत नाही. डॉक्टरांचं मराठी कन्नड वळणाचं, म्हणून त्यांनी खानापूरच्या एका सिस्टरना बोलावलं आणि ओळ न ओळ मराठीत सांगायला लावली. आईचा अंगठा नाही, सही आहे, आणि ती तिने समजून केली.

ऑपरेशनाआधी दुर्बिणीतून स्वरयंत्र तपासलं. नंतर शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला "ई" म्हणायला सांगितलं. आवाज घोगरा होता, पण होता. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. सिस्टरनी लगेच रक्तातलं कॅल्शियम तपासायला पाठवलं आणि सलाइनमधून कॅल्शियम सुरू केलं. नंतरच्या कॅल्शियमच्या गोळ्या दीड महिन्यात बंद झाल्या. थायरॉइडची गोळी मात्र रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. गाठी साध्याच निघाल्या.

एक तारा कापते आहे तो डॉक्टरांमुळे नाही. ओपीडीत वेळ घेऊनही अडीच तास बसावं लागतं, आणि बिल सांगितल्यापेक्षा साडेसहा हजारांनी जास्त आलं. कशाचे ते काउंटरवर तीनदा विचारल्यावर सांगितलं.

जाणाऱ्यांनी आधीचे सगळे रिपोर्ट न्या, गाठीत सुई घालून केलेल्या तपासणीचा खास. आई तिसऱ्या महिन्यात मंडळात बसायला लागली. वरच्या पट्टीत अजून ओढ बसते, तेव्हा शेजारच्या काकू ओळ उचलतात. गेल्या एकादशीला मात्र पहिला अभंग तिने पूर्ण म्हटला, थोडा खालच्या पट्टीत.