काकांचं दुकान, अप्पा बळवंत चौक, पुणे: आधी विषय, मग सामान

ज्यांच्या घरी शाळेच्या प्रोजेक्टपायी रात्री जागवल्या जातात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या वर्षी माझा मुलगा सहावीत होता. विषय त्यानेच निवडला, 'भारताचा स्वातंत्र्यलढा'. आम्ही दोघांनी बसून ४२ स्लाइड केल्या. वर्गात तो १८५७ पर्यंत पोचला, मंगल पांडे यांचं नाव घेतलं आणि बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. दांडी, १९४२, सगळं पेनड्राइव्हमध्येच राहिलं. त्या रात्री तो नीट जेवलासुद्धा नाही. तयारी कमी पडली असंच मला तेव्हा वाटलं होतं.

यंदा सातवी, आणि विषय थेट 'विश्वाची उत्पत्ती'. घराजवळच्या एका दुकानात गेलो, तर त्यांनी लगेच लाइट लागणारं तयार मॉडेल पुढे केलं. साडेआठशे रुपये. महास्फोटापासून कृष्णविवरापर्यंत सगळं एका पुठ्ठ्यावर, शेजारी छापील माहिती. १३८० कोटी वर्षं तळहाताएवढ्या कागदात कोंबलेली. मुलाने दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला. आम्ही ते घेतलं नाही.

मग शेजारच्या ताईंनी हे दुकान सांगितलं. चौकाच्या मागच्या गल्लीत, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. पाटीवरची अक्षरं उडाली आहेत, पण 'प्रोजेक्टवाले काका' म्हटलं की कुणीही दाखवतं.

मी यादी पुढे केली. काकांनी ती घेतलीच नाही, मुलाकडे वळले.

"विषय काय बाळा?"

"विश्वाची उत्पत्ती."

"बोलायला किती मिनिटं?"

"पाच."

"मग त्यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं, तेवढंच सांग बघू."

मुलगा बराच वेळ गप्प होता. मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण काकांनी घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "सूर्य किती लांब आहे, ते पुस्तकातल्या चित्रात कळतच नाही."

काका म्हणाले, "हा झाला विषय."

कागदाच्या लगद्याचा पिवळा गोळा त्यांनी काढला, ११ सेंटिमीटर व्यासाचा. (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, काका ते ठेवतच नाहीत.) सूर्याचा व्यास पृथ्वीच्या साधारण १०९ पट. म्हणजे सूर्य एवढा धरला तर पृथ्वी जेमतेम एक मिलिमीटरची. डब्यातून मोहरीचा एक बारीक दाणा काढून त्यांनी काळ्या कार्डावर चिकटवला. मग गोळा शटरच्या कडीला टांगला, मुलाच्या हातात टेप दिली आणि गल्लीत मोजायला लावलं. बारा मीटर! समोरच्या वह्यांच्या दुकानाच्याही पुढे जाऊन तो कार्ड धरून उभा राहिला. तिथून त्याने गोळ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला त्या ४२ स्लाइड करताना एकदाही दिसली नव्हती.

"आणि गुरू?" त्याने तिथूनच ओरडून विचारलं. काबुली चण्याएवढा, साठ मीटरवर. नेपच्यून ज्वारीच्या दाण्याएवढा आणि साडेतीनशे मीटर लांब, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर. हे हिशेब त्याने घरी येऊन स्वतः केले, मी फक्त तपासले.

प्रकाशाचं तर काकांनीही सांगितलं नव्हतं. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात हे त्याने वाचलं होतं. बोलायला पाच मिनिटं. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात त्याने गोळ्यापासून सात मीटरवर खडूने एक रेघ मारली. बोलणं संपवताना म्हणाला, "मी सुरुवात केली तेव्हा सूर्यावरून निघालेला प्रकाश आत्ता या रेघेपाशी आहे. अजून पोचायचाय." बाईंनी मुलांना एकेक करून त्या रेघेवर उभं राहायला लावलं.

खर्च सांगते: गोळा ४० रुपये, कार्ड ५, मोहरीचे पैसे घेतले नाहीत. तयार मॉडेल इथे मिळत नाही. मोठा विषय घेऊ नये असं काका कुणालाच म्हणत नाहीत, त्यातला मुलाच्या हाताला लागेल असा तुकडा त्याच्याकडूनच काढून घेतात. हे काम खरं तर आम्ही पालकांनी करायला हवं. विषय दणदणीत असला की मूल हुशार दिसतं असं आम्हालाच वाटतं, आणि स्लाइड वाढवत बसतो.

उणिवाही आहेत. रंगीत प्रिंट फिकट येतात, त्या दुसरीकडून काढा. दुपारी एक ते चार दुकान बंद. गाडी मंडईत लावून चालत जा, गल्लीत दुचाकीसुद्धा वळत नाही. शाळांची प्रदर्शनं जवळ आली की अर्धा तास थांबावं लागतं. आणि मुलाला सोबत न्याच. मी परवा धाकटीसाठी एकटीच गेले होते, विषय 'जगातली सगळी धरणं'. काकांनी यादी दुमडून माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "तिला घेऊन या, शनिवारी सकाळी गर्दी नसते."