आई-बाबांना ‘अहो’ की ‘अरे’? गोव्यातल्या मराठी घरांसाठी एक तुलना

मूल बोलायला लागलं की गोव्यातल्या मराठी घरात एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुधा आजीच काढते: ‘बापाला अरे काय म्हणतो हा?’ पुण्या-मुंबईकडे हा दोन पिढ्यांमधला वाद असतो. आपल्याकडे त्यात भाषाही शिरते. घरात मराठी, अंगणात कोंकणी, शाळेत इंग्रजी अशी पोराची दिवसभर ये-जा चाललेली असते, आणि वडीलधाऱ्यांशी बोलायची तिन्हींची रीत वेगळी.

नव्या आई-बाबांपुढे मुख्य वाटा तीन: दोघांनाही अहो, आईला अगं आणि बाबांना अहो, किंवा दोघांनाही अरे-अगं. माझा कौल तिसरीला आहे, तोही एका अटीवर. पण पहिल्या दोन वाटा मी नुसत्या नाकारत नाही. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

दोघांनाही अहो

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे नियम एकच. मोठं माणूस दिसलं की तुम्ही. घरात एक आणि बाहेर एक अशी कसरत मुलाला करावी लागत नाही. कोल्हापूरला किंवा पुण्याला लग्नकार्याला नेलं तरी आत्या-मावश्यांच्या भुवया वर जात नाहीत. गोव्याच्या मुलांबद्दल तिकडे जी कायमची तक्रार असते, ‘काका, तू कधी आलास?’ असं विचारतात म्हणून, ती इथे उद्भवतच नाही.

अडचण वेगळीच आहे. ‘अहो आई’ म्हटलं की मराठी कानाला सासू आठवते. सून सासूला ‘अहो आई’ म्हणते आणि माहेरी फोन लावला की ‘अगं आई’. हा फरक इतका मुरलेला आहे की चार वर्षांचं पोर ‘अहो आई, मला भूक लागली’ म्हणालं तर ऐकणाऱ्याला हसू येतं. त्यामुळे ही वाट धरणारी बरीच घरं शेवटी अर्ध्यावर येतात: बाबांचं अहो टिकतं, आईचं सुटतं.

शिवाय ही रीत सांगून येत नाही, कानावर पडून येते. आई नवऱ्याला नावाने हाक मारत असेल तर मूलही बापाला नावानेच हाक मारणार. एकत्र कुटुंबांत तर याच्या गमती ठरलेल्या. काका-आत्या वडिलांना ‘दादा’ म्हणतात म्हणून स्वतःची मुलंही ‘दादा’च म्हणतात, आणि धाकट्या दिरांचं ऐकून आईला ‘वहिनी’ म्हणणारी मुलं आपल्याकडे कमी नव्हती. म्हणून दोघांनाही अहो हवं असेल तर घरातल्या मोठ्यांनी आधी एकमेकांना अहो-जाहो करायला हवं. काही घरांत मुलालाच ‘या, बसा, जेवून घ्या’ म्हणतात, म्हणजे त्याच्या तोंडी आपोआप तेच बसतं. हे ऐकायला गोड लागतं, पण बारा महिने निभावणं सोपं नाही.

आणि एक. अहो म्हणून उर्मटपणा थांबत नाही. ‘अहो बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही’ हे वाक्य व्याकरणाने अगदी आदरार्थी आहे.

आईला अगं, बाबांना अहो

मराठीतली ही सर्वांत रुळलेली पद्धत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांच्या घरी हेच होतं, आणि आजीला अगं, आजोबांना अहो हा त्याचाच पुढचा भाग. कुणाला खटकत नाही, शिकवावी लागत नाही, दोन्हीकडच्या नातेवाइकांना चालते. निव्वळ सोय बघायची तर हिच्याइतकी सोयीची वाट नाही.

तरीही तिन्हींत मला हीच सर्वांत कमी पटते. १९६० मध्ये रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी युरोपीय भाषांतल्या तू-तुम्हीचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या: अधिकार आणि जवळीक. ‘तू’ खालच्या माणसालाही म्हणतात आणि जवळच्या माणसालाही. कुठला ‘तू’ कुठला हे नातं पाहूनच कळतं. आपल्या घरात आईचा तू जवळिकीचा असतो, यात शंका नाही. पण शेजारीच बाबांचं तुम्ही उभं असलं की मुलाला तुलना करायला साधन मिळतं. घरात कुणापुढे आवाज खाली ठेवायचा हे ते कोणी न सांगता शिकतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं: तू म्हणजे कमीपणा नव्हे, देवालाही आपण तूच म्हणतो, विठ्ठलालाही माऊली म्हणून अरे-तुरेच करतो. कबूल. मग तो मान बाबांना का नको? आई देवाच्या रांगेत आणि बाबा साहेबाच्या रांगेत, हे बाबांच्याही दृष्टीने काही बरं नाही. पूर्वीच्या घरात बाप दिवसभर बाहेर, धाकाचा मालक. त्या घराला ते शोभत होतं. आता फोंड्याच्या फ्लॅटमध्ये बाबा पोराला आंघोळ घालतो आणि आई पणजीला नोकरीला जाते. अहोची भिंत कोणाच्या सोयीसाठी उभी ठेवायची?

एका ठिकाणी मात्र ही वाट योग्य ठरते. घरात आजी-आजोबा आहेत, त्यांची मुलंही असंच बोलत आली आणि त्यांना ते मनापासून हवं आहे, तर एका सर्वनामासाठी रोज जेवताना ताण ओढवून घेऊ नये.

दोघांनाही अरे-अगं

कोंकणीत तूं आणि तुमी दोन्ही आहेत, पण घरातला तूं बराच मोकळा. ‘बाबा, तूं खंय वता?’ यात गोव्यातल्या कुणालाही उद्धटपणा ऐकू येत नाही. पेडण्याकडे नि पलीकडे सिंधुदुर्गात मालवणी बोलणाऱ्यांतही म्हाताऱ्या माणसाला सरळ ‘तू’ म्हटलं जातं. घाटावरून आलेला माणूस दचकतो आणि चार महिन्यांत सरावतो.

इथे आदर बसतो तो हाकेत. गावात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं ऐका: ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात, आणि मागणं मात्र ‘सांभाळ’, ‘राखण कर’ असं थेट एकवचनात. जमलेले लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात. पदवी मोठ्यातली मोठी, क्रियापद घरचं. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोंकणी प्रार्थनेतही स्वर्गातल्या बापाला ‘तुजें नांव’ असंच म्हणतात. माणसांबाबतही तेच. नावापुढे बाब किंवा बाय लावलं की मान दिला गेला. कवी बा. भ. बोरकर गोव्याला बाकीबाब म्हणूनच ठाऊक. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकरांनी तर टोपणनावातच बाब घेतला, शणै गोंयबाब. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर सगळ्यांचे भाऊ, भाऊसाहेब. या हाकांत माया आणि मान वेगळे काढता येत नाहीत.

माझी अट इथूनच येते. अरे-अगं चालेल, पण नात्याचा शब्द सुटता कामा नये. ‘अरे बाबा’, ‘अगं आई’, ‘आजी गो’ हे ठीक. नुसतं ‘ए, इकडे ये’ किंवा बापाला नुसतं नाव, हे नको. सर्वनाम सैल करायचं असेल तर हाक घट्ट धरावी लागते.

तोटे आहेतच. पहिला म्हणजे पाठीमागचा उल्लेख. समोर ‘अरे बाबा’ म्हणणारं मूल बाहेर ‘बाबा आला’ म्हणतं, ते एक वेळ चालतं, पण त्याच ओघात ‘सर आला’, ‘भटजी गेला’ येतं. ते मात्र वेळीच सुधारावं लागतं. दुसरा तोटा इंग्रजीचा. गोव्यात पाचवीपासून बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात, आणि इंग्रजीत एकाच ‘यू’वर सगळ्यांचं भागतं. घरी तू, शाळेत यू, अंगणात तूं. मग तुम्ही हा शब्द मुलाच्या तोंडी कधी येणार? आलाच तर तो वक्तृत्व स्पर्धेत, ‘आपण सर्व सुजाण श्रोते’च्या शेजारी. म्हणून घरात तू ठेवणाऱ्यांनी एखादं तरी माणूस तुम्हीचं ठरवून घ्यावं. आजोबा असोत, शिकवणीच्या बाई असोत, पूजेला येणारे भटजी असोत. त्यांच्याशी बोलताना मुलाने अहोच म्हणायचं. वापर राहिला तरच वळण राहतं. पुढे मराठीत मुलाखत द्यायची वेळ आली तर क्रियापद घशात अडकत नाही.

बाहेरची माणसं

अंकल-आंटी हा पर्याय सोपा आहे आणि मला नीरस वाटतो. रिक्षावाला अंकल, डॉक्टर अंकल, वरच्या मजल्यावरचा पंचविशीतला मुलगाही अंकल. तिशीतल्या बायकांना आंटी म्हटल्यावर काय वाटतं ते त्यांनाच विचारा. काका-मावशी, दादा-ताई म्हणायला लावलं तर मुलाला निदान समोरच्याचं वय न्याहाळावं लागतं. कोंकणी बोलणाऱ्या ज्येष्ठ शेजाऱ्याला नाव आणि बाब, तेवढंच सुंदर. बाजारातला ‘पात्रांव’, म्हणजे मालक, मात्र मुलांच्या तोंडी घालू नये. तो मोठ्यांच्या थट्टामस्करीचा शब्द आहे.

ख्रिस्ती शेजार असेल तर त्यांच्या घरचे शब्द मुलाला तसेच उचलू द्यावेत. कोणी आजोबा-आजीला शपाय-शमाय म्हणत असेल तर आपल्याही पोराने म्हणावं, त्यात आपली मराठी बाटत नाही. त्यांच्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर वडीलधाऱ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायची जुनी रीत आहे. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून मोठ्यांना नमस्कार. अरे-अगं निवडणाऱ्या घरांना याचा मोठा आधार होतो: आदर रोज एकदा कृतीत दिसला की आजीचं अर्धं म्हणणं तिथेच मिटतं.

शाळेत सर आणि टीचर हे ठरून गेलेलं आहे, त्यात आपल्याला निवड नाही. सक्तीने आदर येतो का, हा प्रश्न जगात इतरांनाही पडला. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने १९९९ मध्ये कायदाच केला, की मुलांनी शाळेतल्या कर्मचाऱ्यांना सर, मॅम किंवा आडनावाआधी मिस्टर-मिसेस लावून संबोधावं. उलट टोक स्वीडनचं. तिथे १९६७ मध्ये आरोग्य खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या ब्रूर रेक्सेड यांनी आपण सगळ्या सहकाऱ्यांना तूच म्हणणार असं जाहीर केलं, आणि त्या सुमारास देशभर पदव्या लावून बोलण्याची जुनी रीत मागे पडली. आपल्याला दोन्ही टोकं नकोत. पण अहो हा काही निसर्गनियम नव्हे, इतकं यातून दिसतं.

आधीच सवय लागली असेल तर

मूल सात-आठ वर्षांचं झालं आणि आता अहो शिकवू म्हणालात, तर बाबांचं अहो त्या वयात क्वचितच रुजतं. पाहुण्यांसमोर पोर अहो म्हणतं, पाहुणे गेले की अरे, आणि मधल्या मधे लाजून हाक मारायचंच टाळतं. त्यापेक्षा घरातलं तसंच राहू द्या आणि आजोबा-शिक्षकांपुरतं तुम्ही लावा. उलट दिशेने जायचं असेल, म्हणजे अहोवरून अरेवर, तर सोपं आहे: बाबाने एकदा स्वतः सांगायचं, ‘मला अरे म्हटलंस तरी चालेल’. काही मुलं तरीही अहोच म्हणतात. त्यांना म्हणू द्यावं. दोन भावंडांपैकी मोठं अहो नि धाकटं अरे म्हणतं अशी घरं मला माहीत आहेत, आणि बाबा दोघांनाही ओ देतात.

आजीला मात्र निर्णय आधी सांगा, तोही तिच्या मुलानेच सांगितलेला बरा. सुनेने सांगितला की सगळ्याचा अर्थ बदलतो.