बायपासनंतरचा छातीचा पट्टा: कोणता घ्यावा, किती आवळावा

डिस्चार्जच्या कागदावर ‘चेस्ट बाइंडर’ लिहिलेलं असतं आणि घरचे लोक मेडिकलमध्ये मिळेल तो पट्टा घेऊन येतात. बरेचदा तो बरगडीच्या मुक्या मारासाठीचा अरुंद रिब बेल्ट निघतो, नाहीतर चक्क पोटाचा पट्टा. छाती मधोमध उघडून केलेल्या ऑपरेशननंतर हे दोन्ही कुचकामी.

या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी साधारण 6 ते 8 स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर प्रत्येक जोरकस खोकल्याला हाडाचे दोन भाग एकमेकांपासून दूर ओढले जातात. हाड ठिसूळ असेल तर तार त्यात रुतून कापत जाते. हाडामागची जागा सैल चरबीची आहे. तिच्या वरच्या भागातून मोठी नीला आडवी जाते आणि खाली हृदयाचा उजवा कप्पा असतो. बायपासमध्ये हृदयाभोवतीचं आवरण अनेकदा उघडंच ठेवतात, त्यामुळे कप्पा आणि नवे ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्या) थेट हाडाच्या पाठीशी येतात. हाड हलत राहिलं की वरच्या जखमेतले जंतू या जागेत उतरतात आणि तिथे पू अडवणारं काहीच नसतं. पट्ट्याकडून अपेक्षा एवढीच, की ही हालचाल कमी व्हावी. हाड तो जुळवत नाही.

त्या कसोटीवर समोर कडक पट्ट्या असलेलं, खांद्यावरून पट्टे येणारं जाकीट सर्वांत चांगलं. युरोपात झालेल्या चाचण्यांत अशा जाकिटाने खोलवरचा संसर्ग कमी झाला, पण नियमित घालणाऱ्यांतच. किंमत मात्र साध्या पट्ट्याच्या कितीतरी पट. मधुमेह, जास्त वजन, जुना दमा किंवा विडी-सिगारेटचा खोकला, दोन्ही बाजूंच्या छातीतल्या धमन्या ग्राफ्टसाठी काढलेल्या (म्हणजे हाडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला) असं काही असेल तर हा खर्च करावा.  खोकून तारा सैल करणाऱ्यांत जुने दमेकरी पुढे.

बाकीच्यांना पूर्ण छाती झाकणारा रुंद इलॅस्टिक बाइंडर चालतो. माप स्तनाग्रांच्या रेषेत, सहज श्वास सोडल्यावर घ्यावं. शर्टाच्या साइजवरून अंदाज बांधू नये. वेल्क्रो जखमेच्या रेषेवर न येता बाजूला यायला हवा. आत सुती बनियन हवंच.

आवळण्यातच सगळे चुकतात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. खरी परीक्षा तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं उपकरण): पट्ट्याशिवाय दोन चेंडू वर जात असतील आणि पट्टा लावल्यावर एकच, तर पट्टा फार घट्ट आहे. तसाच ठेवला तर फुफ्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो आणि खोकला वाढतो. खोकताना पट्ट्यावरून उशी छातीशी दाबायचीच. हातावर जोर देऊन पलंगावरून उठणं आणि 4-5 किलोंहून जास्त उचलणं, पट्टा असला तरी बंद.

स्त्रियांसाठी बाजारातले बहुतेक पट्टे नापास. सपाट पट्टा स्तनांना बाजूला ढकलतो, वजन जखमेच्या खालच्या टोकाला ओढतं आणि टाका तिथेच उसवतो. आधी पुढून उघडणारी, बिनतारेची, चांगला आधार देणारी ब्रा, मग त्यावर स्तनांसाठी आकार दिलेला बाइंडर. हे दुकानदार सांगत नाही.

छातीवर ठेवलेल्या हाताला हाड सरकल्याचं ‘कट्’ जाणवणं किंवा कानाला ऐकू येणं, जखमेतून पाणी झिरपणं, ताप, खोकताना दुखणं अचानक वाढणं, यांपैकी काहीही झालं तर पट्टा आणखी घट्ट करू नका. त्याच दिवशी सर्जनला दाखवा. एक्स-रेत नुसती तुटलेली तार त्यामानाने कमी काळजीची. जागा सोडून सरकलेल्या किंवा फिरलेल्या तारा म्हणजे हाड उकलत असल्याची खूण.

दोन पट्टे घ्यावेत. उन्हाळ्यात एक दिवसभरात घामेजतो आणि ओला पट्टा जखमेवर नको. वेल्क्रो बंद करून सौम्य साबणाने हाताने धुवावा, न पिळता सावलीत वाळवावा. ताणून सोडल्यावर तो पूर्वीच्या लांबीला परतत नसेल तर बदलावा. इलॅस्टिक सैल पडलं की आवळूनही उपयोग नाही.