'कॅनडा स्टार्ट-अप व्हिसा' म्हणून माझ्या भावाचे ११ लाख लुबाडले

माझा थोरला भाऊ कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लहानशी फौंड्री चालवतो, पंपाची कास्टिंग करतो. शहरातल्या एका व्हिसा एजंटाने कॅनडाच्या स्टार्ट-अप व्हिसाचं आमिष दाखवून त्याचे ११ लाख रुपये उकळले. असे लोक आजही फौंड्रीवाल्यांच्या, हुपरीच्या चांदीवाल्यांच्या मागे लागलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

योजना खरी होती. परदेशी उद्योजक आपल्याकडे यावेत म्हणून कॅनडाने ती २०१३ मध्ये सुरू केली. सरकारमान्य संस्थेने तुमच्या धंद्याला पाठिंबा द्यायचा, ही मुख्य अट. एंजल गुंतवणूकदार (नव्या धंद्यात स्वतःचा पैसा घालणारे) असतील तर किमान ७५ हजार कॅनेडियन डॉलर, व्हेंचर फंड (नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा निधी) असेल तर २ लाख, आणि हे पैसे त्यांनी तुमच्या धंद्यात घालायचे. इन्क्युबेटरने, म्हणजे नवे धंदे उभे करायला मदत करणाऱ्या संस्थेने, मात्र धंदा नुसता दाखल करून घेतला तरी चालायचं. चोरांनी नेमकी हीच फट धरली.

"दादा, इन्क्युबेटर आपल्या घरचाच आहे. सीट पक्की, फक्त पत्राचे पैसे भरा," असं तो एजंट म्हणाला. ७ लाखांचा चेक कुठल्याशा ट्रेडिंग फर्मच्या नावाने घेतला, ४ लाख रोख. रोखीची पावती आजतागायत नाही.

मग पत्र आलं. जाड कागद, निळा शिक्का, झोकदार सही. सोबतच्या प्लॅनमध्ये धंदा काय लिहिला होता? शेतकऱ्यांना भाजीपाल्याचे दर सांगणारं मोबाईल ॲप! माझा भाऊ लोखंड वितळवतो. आणि तिसऱ्या पानावर नाव बदलायचं राहून गेलं होतं, तिथे भलत्याच माणसाचं आडनाव होतं. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्या मुलीने कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी उघडली. पत्रातली संस्था त्यात नव्हतीच. खरी संस्था अर्जदाराला पत्र द्यायची, शिवाय कमिटमेंट सर्टिफिकेट, म्हणजे पाठिंब्याचा दाखला, थेट तिकडच्या इमिग्रेशन खात्याला पाठवायची. त्याचा तर एजंटाने कधी उल्लेखही केला नव्हता. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी पैसे घेऊन काम करायचं तर तिथला परवानाधारक सल्लागार किंवा वकील असावं लागतं. सल्लागारांची नोंदवही ऑनलाइन कुणालाही बघता येते. पैसे द्यायच्या आधी ती बघाच.

आता तर २०२५ च्या अखेरीस कॅनडाने या योजनेचे नवे अर्ज घेणंच थांबवलंय. ब्रिटनचा २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, ऑस्ट्रेलियाचा उद्योजक-गुंतवणूकदारांसाठीचा १८८ क्रमांकाचा व्हिसा २०२४ मध्ये. तरी "नवी योजना येतेय, आत्ताच नंबर लावा" म्हणत यांची दुकानं चालूच आहेत. ज्या योजनेचे नियमच अजून लागू झालेले नाहीत, तिचा नंबर कोण लावून देणार?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवावा म्हणून आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. तिसऱ्या पानावरच्या आडनावाचे गृहस्थही सापडले. ते इचलकरंजीचे यंत्रमागवाले. त्यांचाही त्या ॲपशी काडीचा संबंध नाही. आधी कचरत होते, आता जबाब द्यायला तयार झालेत. रोख दिलेत म्हणून आणखी कुणी गप्प बसला असाल, तर पुढे या. चेकची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा, फोन बदलला तरी ते पुसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.